यंत्र विकायचं नाही, भाड्यानेच द्यायचं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटईकाम करणारे एक काका बसतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या चामडी बुटाचा तळ सुटला तेव्हा त्यांच्याकडे गेलो होतो. ते दोरा ओढत होते आणि मी शेजारी बसून होतो. सहज विचारलं, "काका, बूट पहिल्यापासून करायचा तर सगळ्यात अवघड काय? शिवण?" ते म्हणाले, "शिवण काय, आरी घातली की दोरा जातोच. कातडं कालबुतावर ताणून बसवणं अवघड. नाकाशी चुणी पडू द्यायची नाही. ते बोटालाच कळतं."

कालबूत म्हणजे पायाच्या आकाराचा साचा. बुटाचं वरचं कातडं त्यावर चढवायचं, चारी बाजूंनी ओढायचं, टाचेशी आणि बोटांपाशी जास्तीचं कातडं बारीक दुमडत खाली घ्यायचं आणि खिळे मारून पक्कं करायचं. तळ त्यानंतर लागतो. कातडं कमी ओढलं तर बूट ढगळ होतो, जास्त ओढलं तर फाटतो.

बोटाला कळणारं हे काम 1883 साली अमेरिकेत एका तरुणाने यंत्राकडून करून घेतलं. ते यंत्र, त्याच्या आगेमागची शिवणयंत्रं, टाच ठोकणारी यंत्रं, अशी सगळी सोळा वर्षांनी एकाच कंपनीच्या छत्राखाली आली. त्या कंपनीची एक रीत होती. आपली महत्त्वाची यंत्रं ती विकत नसे. पैशांची थैली घेऊन कोणी दारात उभा राहिला तरी विकत नसे, फक्त भाड्याने देई. अमेरिकेचा बूट उद्योग अर्ध्या शतकाहून जास्त काळ या भाडेकरारांवर चालला. त्यातून एवढे मोठे खटले उभे राहिले की मक्तेदारीच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांना ते आजही वाचावे लागतात. कंपनीचं नाव युनायटेड शू मशिनरी.

मक्तेदारी म्हटलं की आपण आधी भाव बघतो. एकटा विक्रेता आहे, म्हणजे लुटत असणार. या प्रकरणात तेवढ्याने काही हाती लागत नाही, कारण एका बुटाच्या किमतीत यंत्रभाड्याचा वाटा अगदी थोडा होता. खरी गोम करारातल्या बारीक कलमांत होती, आणि ती नीट समजून घेतली तर आज आपण जे जे महिन्याच्या भाड्याने वापरतो त्याकडे बघायची नजर बदलते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जोडीमागे काही सेंट

सुरुवात झाली ती अगदी चांगल्या व्यवहारातून. 1858 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लायमन ब्लेक याने बुटाचा तळ वरच्या कातड्याला शिवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. गॉर्डन मॅके नावाच्या उद्योजकाने ते हक्क विकत घेतले. 8,000 डॉलर रोख दिले आणि 62,000 डॉलर पुढच्या नफ्यातून द्यायचे ठरलं. लगेच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि सैन्याला बूट हवे झाले.

मॅकेकडे यंत्र होतं आणि गिऱ्हाईकही होतं, पण गिऱ्हाइकाकडे पैसा नव्हता. त्या काळचे बूट कारखाने म्हणजे बहुतेक छोट्या कार्यशाळा होत्या. महागडं, न पारखलेलं यंत्र कोण घेणार? मॅकेने मार्ग काढला. यंत्र न्या, किंमत देऊ नका, शिवलेल्या प्रत्येक जोडीमागे मला काही सेंट द्या. हिशेबासाठी त्याने तिकिटं काढली. कारखानदाराने ती विकत घ्यायची आणि बुटांना चिकटवायची. जेवढे बूट शिवाल तेवढंच भाडं.

इथपर्यंत यात मला वावगं काहीच दिसत नाही. छोट्या माणसाला भांडवलाशिवाय यंत्र मिळालं, आणि यंत्र नीट चाललं नाही तर पैसे येणार नाहीत म्हणून ते चालतं ठेवण्यात मालकाचाही स्वार्थ होता. आपल्याकडे रोजाच्या भाड्याने रिक्षा चालवणाऱ्याला हा व्यवहार वेगळा सांगावा लागणार नाही. तसा तो त्याआधीही होता. इंग्लंडमध्ये बोल्टन आणि वॉट यांनी कॉर्नवॉलच्या खाणींत वाफेची इंजिनं बसवली तेव्हा जुन्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा ते घेत. वॉटचं पेटंट 1800 सालापर्यंत चाललं आणि तोवर खाणमालक हा हिस्सा भरताना कुरकुरत राहिले. स्वतःचं इंजिन सुधारून बसवावं म्हटलं तर पेटंटची तलवार डोक्यावर होतीच.

आता तो 1883 चा तरुण. यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर. जन्म 1852, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या पारामारिबो शहरातला. वडील डच अभियंता, आई आफ्रिकी वंशाची. 1877 च्या सुमारास तो बोस्टनजवळच्या लिन या गावी आला. लिन म्हणजे त्या काळची बुटांची राजधानी. इंग्रजी बेताची, रंगामुळे वाट्याला येणारी वागणूक वेगळी. बूट कारखान्यात दिवसभर काम करायचं आणि कालबुतावर कातडं ताणणाऱ्या कारागिरांचे हात बघत राहायचं. हे कारागीर सगळ्या कारखान्याचा वेग ठरवत, कारण बाकीची कामं यंत्रावर गेली तरी हे हातावरच होतं. चांगला कारागीर दिवसाला पन्नासेक जोड काढी. मॅट्झेलिगर रात्री खोलीवर बसून लाकडाचे तुकडे, तारा, सिगारच्या खोक्यांच्या फळ्या यांतून नमुना जुळवत राहिला. त्याने पाठवलेली चित्रं इतकी गुंतागुंतीची होती की पेटंट कार्यालयाने यंत्र चालतं का हे बघायला माणूस थेट लिनला पाठवला. 20 मार्च 1883 रोजी पेटंट मिळालं. त्याचं यंत्र दिवसाला 150 पासून 700 जोडांपर्यंत काम करू लागलं. पैसा उभा करण्यासाठी त्याला हक्कांचा मोठा भाग आधीच देऊन टाकावा लागला होता. 1889 मध्ये क्षयाने तो गेला. वय 36.

त्याच्या यंत्रावरची कंपनी 1899 च्या विलीनीकरणात आली. सिडनी विन्स्लो हा त्यामागचा मुख्य माणूस.

मंडपवाला, आचारी आणि बँड

हे विलीनीकरण समजायला एक लग्न डोळ्यासमोर आणा. गावात एक मोठा मंडपवाला आहे, एक नावाजलेला आचारी आहे आणि एक बँडवाला आहे. तिघं एकमेकांचे स्पर्धक नाहीत, मंडपवाला जेवण रांधत नाही. उद्या तिघांनी एकच कंपनी काढली तर स्पर्धा कमी झाली म्हणायची का?

1899 मध्ये नेमकं असंच झालं. एका गटाकडे कातडं ताणणाऱ्या यंत्रांचा सुमारे 60 टक्के धंदा होता. दुसऱ्याकडे वेल्टची, म्हणजे तळ आणि वरचं कातडं जोडणाऱ्या पट्टीची, शिवण घालणाऱ्या यंत्रांचा 80 टक्के. तिसऱ्याकडे टाच बसवणाऱ्या यंत्रांचा 70 टक्के आणि धातूच्या खिळ्यांनी जोडणाऱ्या यंत्रांचा 80 टक्के. आपापल्या कामात तिघं राजे होते आणि ते एकत्र आले. सरकारने खटला भरला तेव्हा 1913 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी हाच मुद्दा धरला. हे आधी स्पर्धक नव्हतेच, मग एकत्र येण्यात गैर काय?

युक्तिवाद सरळ आहे, पण भाडेकरार त्या खटल्यात विचारात घेतलेच गेले नव्हते. करारात अट अशी होती की आमचं एक यंत्र घेतलंत तर पुढच्या कामासाठीही आमचंच यंत्र वापरायचं. मंडप आमचा असेल तर जेवण दुसऱ्या आचाऱ्याकडून आणायचं नाही, आणलंत तर मंडप उतरवू. पूर्वीचे करार 17 वर्षांचे असत. समजा तुमच्या गावात त्या आचाऱ्यापेक्षा दसपट चांगला आचारी आला, तरी मंडप सोडल्याशिवाय तुम्ही त्याला बोलावू शकत नाही. मंडप तर दुसऱ्या कोणाकडे नाहीच.

लुई ब्रँडाइस हे नाव पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलं. तो सुरुवातीला याच कंपनीचा वकील आणि संचालक होता. 1906 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळासमोर तो या करारांच्या बाजूने बोलला. छोट्या कारखानदाराला यंत्र मिळतं, हा त्याचा मुद्दा होता. पुढे त्याने संचालकपद सोडलं आणि काही वर्षांत तो या करारांचा कडवा विरोधक झाला. मत बदलायला थॉमस प्लँटचं प्रकरण बरंचसं कारण ठरलं असावं. प्लँट हा बोस्टनचा मोठा बूट कारखानदार. त्याने स्वतःच्या यंत्रांची पूर्ण मालिका उभी केली, म्हणजे मंडप, आचारी, बँड सगळं स्वतःचं. पण ती चालवायला लागणारं कर्ज त्याला मिळेना आणि 1910 मध्ये सुमारे 60 लाख डॉलरना त्याने ती सगळी यंत्रं आणि पेटंटं युनायटेडलाच विकली. ब्रँडाइसच्या या दोन भूमिका 1916 मध्ये त्याच्या न्यायाधीशपदाच्या चौकशीत विरोधकांनी त्याच्या तोंडावर मारल्या. मला दोन्ही भूमिका खोट्या वाटत नाहीत. 1906 मध्ये त्याला दिसत होता यंत्र घेणारा छोटा माणूस. नंतर त्याला यंत्र बनवू बघणारा दुसरा माणूसही दिसला.

1914 मध्ये क्लेटन कायदा आला आणि अशा गळ्यात गळा बांधणाऱ्या अटींवर थेट बंदी घालायची सोय झाली. 1918 मध्ये मक्तेदारीविरोधी जुन्या कायद्याखालचा आणखी एक खटला सरकार हरलं, पण 1922 मध्ये या नव्या कायद्याखाली न्यायालयाने त्या अटी काढायला लावल्या. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यातही एका वस्तूला दुसरी बांधून देण्याच्या कराराला वेगळं कलम आहे.

अटी गेल्या, म्हणजे मक्तेदारीही जायला हवी होती. पंचवीस वर्षांनंतरही बाजारातला 75 ते 85 टक्के हिस्सा युनायटेडकडेच होता.

एका कारखानदाराच्या टेबलावर

हे कसं झालं ते समजून घ्यायला आपण 1940 च्या दशकातल्या एका छोट्या कारखानदाराच्या टेबलापाशी बसू. माणूस कल्पनेतला, कलमं खरी.

त्याच्याकडे युनायटेडचं एक यंत्र आहे. करार दहा वर्षांचा, त्यातली सहा गेली, चार राहिली. महिन्याचं ठरलेलं भाडं आणि वर प्रत्येक कामामागे काही रक्कम, जी यंत्राच्या गणकावर नोंदली जाते. एक नवा यंत्रवाला येतो आणि म्हणतो, माझं यंत्र बघा, तुमच्यापेक्षा वेगात चालतं आणि स्वस्तही आहे.

आपला कारखानदार काही मूर्ख नाही. तो म्हणतो, बरं, कोपऱ्यात ठेवून बघू. निम्मं काम याच्यावर, निम्मं त्याच्यावर. इथे पहिलं कलम आडवं येतं. यंत्र पूर्ण क्षमतेने वापरलंच पाहिजे, म्हणजे जे काम या यंत्रावर होऊ शकतं ते दुसरीकडे वळवायचं नाही. शेजारी शेजारी ठेवून तुलना करायचा मार्गच बंद. नवं घ्यायचं तर जुनं काढूनच घ्यायचं.

ठीक, काढून टाकू म्हटलं, तर दुसरं कलम. मुदतीआधी यंत्र परत केलं तर राहिलेल्या काळासाठी रक्कम भरायची. पण त्याच यंत्राच्या जागी युनायटेडचंच नवं यंत्र घेतलं तर ती रक्कम सैल होते. आता हिशेब मांडा. समजा नव्या यंत्राने वर्षाला 100 डॉलर वाचणार आहेत आणि जुनं परत करायला 300 डॉलर लागणार आहेत. नवा यंत्रवाला खरोखर चांगला असूनही पहिली तीन वर्षं कारखानदार तोट्यात. युनायटेडने तेवढंच चांगलं यंत्र आणलं तर ते पहिल्या दिवसापासून फायद्यात. म्हणजे नव्या माणसाला युनायटेडएवढं चांगलं असून भागत नाही. तो 300 डॉलरनी जास्त चांगला असावा लागतो. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेत.)

तिसरी गोष्ट कलमासारखी दिसतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात घट्ट गाठ तीच आहे. दुरुस्ती. युनायटेडचे तंत्रज्ञ हाक मारली की येत, यंत्र चालू करून देत आणि त्याचे वेगळे पैसे घेत नसत. ते भाड्यातच धरलेलं असे. कारखानदार खूश, आणि त्याने खूश असणं रास्तच आहे. पण याचा एक परिणाम असा की बूट यंत्रं दुरुस्त करणारा स्वतंत्र कारागीर कुठे तयारच झाला नाही. जे काम फुकट होतं त्याचं दुकान कोण टाकणार? मग नवा यंत्रवाला आला की त्याला नुसतं यंत्र आणून भागत नाही, गावोगाव दुरुस्तीची माणसंही स्वतःच उभी करावी लागतात. आपल्याकडे एखाद्या गाडीचा मेकॅनिक तालुक्याच्या गावी मिळत नसेल तर ती गाडी कितीही चांगली असली तरी लोक घेताना दहादा विचार करतात. तेच हे.

आणि चौथी, न दिसणारी. यंत्र विकलंच नाही तर ते जुन्या बाजारात येत नाही. दहा वर्षं वापरलेलं चांगलं यंत्र अर्ध्या किमतीत घेऊन धंदा सुरू करणारा माणूस आपल्या एमआयडीसीत पावलोपावली भेटतो. बूट उद्योगात त्याला जागाच नव्हती. मुदत संपली की यंत्र परत कंपनीकडे, पुढे त्याचं काय करायचं ते कंपनी ठरवणार.

या शेवटच्या मुद्द्याच्या मुळाशी अर्थशास्त्रातलं एक सुरेख कोडं आहे. रोनाल्ड कोस यांनी ते 1972 मध्ये मांडलं. टिकाऊ वस्तूचा एकमेव विक्रेता स्वतःचाच स्पर्धक असतो. आज त्याने काही यंत्रं चढ्या भावाने विकली. उद्या उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी भाव उतरवण्याचा मोह त्याला होणारच. हे गिऱ्हाइकाला कळतं, म्हणून तो आजच थांबतो. एकटा असूनही विक्रेत्याला भाव मिळत नाही. यातून सुटायचा एक रस्ता म्हणजे विकायचंच नाही, भाड्याने द्यायचं. मग भाव उतरवला तर आपल्याच सगळ्या यंत्रांचं भाडं उतरतं, म्हणून तो उतरवणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मॅकेने छोट्या माणसाच्या सोयीसाठी काढलेली युक्ती पुढे मक्तेदाराच्याही सोयीची कशी ठरली, ते या कोड्यावरून कळतं.

121 दिवस

डिसेंबर 1947 मध्ये सरकारने पुन्हा खटला भरला. बोस्टनच्या न्यायालयात न्यायाधीश चार्ल्स विझान्स्की यांच्यासमोर तो 121 दिवस चालला. नोंदी चौदा हजारांवर पानांच्या झाल्या, पुराव्याचे कागद साडेपाच हजारांच्या आसपास. विझान्स्कींनी एक वेगळीच गोष्ट केली. सहायक म्हणून त्यांनी कायद्याच्या पदवीधराऐवजी हार्वर्डचा तरुण अर्थतज्ज्ञ कार्ल केसन याला घेतलं. न्यायालयात बाजार म्हणजे काय हे अर्थशास्त्राच्या नजरेने इतकं बारकाईने तपासलं गेल्याची उदाहरणं त्याआधी फार नाहीत.

18 फेब्रुवारी 1953 चा त्यांचा निकाल मला आवडतो तो त्यातल्या समतोलामुळे. कंपनीने दांडगाई केली, स्पर्धकांना लुबाडलं असं त्यांनी म्हटलं नाही. उलट यंत्रं चांगली होती, संशोधन खरं होतं, सेवा उत्तम होती आणि लहान-मोठ्या सगळ्या कारखानदारांना सारख्याच अटी होत्या हे मान्य केलं. देशात त्या वेळी हजाराहून कितीतरी जास्त बूट कारखानदार होते. इतके छोटे कारखाने टिकले याचं श्रेय काही अंशी या भाडेपद्धतीला जातं, आणि हे कंपनीचं म्हणणं मी तरी झटकून टाकणार नाही. यंत्रं विकतच घ्यावी लागली असती तर त्यातले बरेच जण उभेच राहिले नसते.

पण निकाल कंपनीच्या विरोधात गेला. कौशल्याने मिळवलेलं स्थान वेगळं आणि कलमांनी राखलेलं स्थान वेगळं, हा त्याचा गाभा. दहा वर्षांची मुदत, पूर्ण क्षमतेची अट, परतीची रक्कम, भाड्यात मिसळलेली दुरुस्ती, यातलं एकेक कलम बघितलं तर निरुपद्रवी वाटतं. एकत्र केली की दार बंद होतं. आणखी एक गोष्ट हिशेबात सापडली. जिथे स्पर्धक होता त्या यंत्रांवर कंपनी कमी नफा घेत होती, जिथे नव्हता तिथे जास्त. कारखानदार-कारखानदारात भेद नव्हता, यंत्रा-यंत्रात होता. याचा अर्थ ज्या कोपऱ्यात नवा माणूस शिरू बघतो तिथेच त्याला सगळ्यात कमी पैसे सुटणार.

त्यातूनही शिरकाव झाला होता एका ठिकाणी. 1920 च्या दशकाच्या शेवटी तळ शिवण्याऐवजी चिकटवण्याची पद्धत अमेरिकेत आली आणि बायकांच्या बुटांत ती झपाट्याने पसरली. कॉम्पो नावाची कंपनी त्या वाटेने आत आली. जिथे शिवणयंत्रच लागत नाही तिथे शिवणयंत्राचा करार आडवा येत नाही.

उपाय काय करायचा? सरकारचं म्हणणं होतं, कंपनीचे तीन तुकडे करा. विझान्स्कींनी नकार दिला, आणि कारण अगदी जमिनीवरचं होतं. सगळी यंत्रं मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्ली गावच्या एकाच कारखान्यात बनत. एक ओतशाळा, एक प्रयोगशाळा, एकच साचे आणि हत्यारं. सिमेंट-लोखंडाचा तो अवाढव्य कारखाना गावात नुसता 'शू' म्हणून ओळखला जाई. त्याचे तीन तुकडे कुठून कापायचे? म्हणून त्यांनी करार कापले. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. पूर्ण क्षमतेची अट रद्द. दुरुस्तीचे पैसे वेगळे लावायचे. पेटंट मागेल त्याला वाजवी मोबदल्यात वापरू द्यायचं. आणि जे यंत्र भाड्याने देता ते विकायलाही तयार राहायचं. भाडेपद्धत त्यांनी मोडली नाही, कारण ती मोडली तर पहिला छोटाच माणूस मरेल हे त्यांना दिसत होतं.

कंपनीचा हिस्सा घटला, वर्चस्व मात्र पुरतं गेलं नाही. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की स्पर्धा परत आणणं हा हेतू होता, तो साधला नसेल तर आणखी कडक उपाय करा. पुढच्या वर्षी कंपनीने आपला हिस्सा एक तृतीयांशावर आणायला होकार दिला. तोवर अमेरिकी बूट कारखान्यांनाच बाहेरून येणाऱ्या बुटांनी ग्रासायला सुरुवात केली होती. 1987 मध्ये बेव्हर्लीचा कारखाना बंद झाला.

हीच पद्धत दुसऱ्या यंत्रांतही दिसते. आयबीएम आपली गणनयंत्रं भाड्याने देई आणि त्यात घालायची कार्डंही आपलीच घ्यायला लावी. 1936 मध्ये न्यायालयाने ते थांबवलं आणि 1956 च्या तडजोडीत यंत्रं विकण्याचंही बंधन घातलं. भारतातही आयबीएमची यंत्रं भाड्यानेच असत. विदेशी भागभांडवलाच्या वादातून 1978 मध्ये ती कंपनी इथून गेली तेव्हा मागे राहिलेली यंत्रं चालू कोण ठेवणार हा प्रश्न लगेच उभा राहिला, आणि सीएमसी या सरकारी कंपनीने ते काम अंगावर घेतलं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा मुद्दा मी वर एवढा लांबवला तो यासाठीच. आपल्या प्रत्येक कॉलेजसमोर ज्या नावाची पाटी आहे ते 'झेरॉक्स'सुद्धा याच पद्धतीने वाढलं. 1959 चं त्यांचं 914 हे यंत्र महिन्याला 95 डॉलर भाड्याने मिळे, पहिल्या 2,000 प्रती त्यात धरलेल्या, पुढे प्रतीमागे काही सेंट. मॅकेची तिकिटंच ही, फक्त बुटाच्या जागी कागद. झेरॉक्सलाही 1975 मध्ये सरकारशी तडजोड करून आपली पेटंटं इतरांना खुली करावी लागली.

युनायटेडच्या प्रकरणातला एक धागा राहिला. पेनसिल्व्हेनियातल्या हॅनोव्हर शू या बूट कंपनीने 1955 मध्ये वेगळाच दावा लावला. आम्हाला यंत्रं विकत हवी होती, तुम्ही ती भाड्यानेच दिलीत, तेव्हा आम्ही जास्तीचे पैसे भरले, ते परत द्या. युनायटेड म्हणाली, तुम्ही ते बुटाच्या किमतीत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल केलेच असतील, मग तुमचं नुकसान कुठे झालं? 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ऐकलं नाही. बूट घेणाऱ्या हजारो माणसांपैकी दोन-चार सेंटसाठी कोणी खटला भरणार नाही, आणि कारखानदारालाही परत पाठवलं तर पैसा वसूल करणाऱ्याकडेच राहील. हॅनोव्हरचा हक्क मान्य झाला.

पण नुकसान मोजायचं कसं? भरलेलं भाडं पावत्यांवर होतं. त्यातून वजा करायची होती ती यंत्र विकत घेतलं असतं तर आलेली किंमत, वर त्यात अडकलेल्या भांडवलाचा खर्च आणि झीज. ती यंत्रं त्या वर्षांत कोणालाच विकलेली नव्हती. मग वकील आणि हिशेबनीस बसले आणि कधीच न लागलेल्या भावाचा अंदाज एकेका यंत्रासाठी काढू लागले.